मुनीरभाईंची रजा

लिओनार्ड तुस्कानो वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं वाचून कुणालाही त्याला दोन शिव्या घालाव्याशा वाटतील. खुशाल घालाव्यात. तो स्वतः रोज घालतो आहे.

वसईतल्या गास गावचा हा माणूस एकोणीस वर्षांपूर्वी दुबईत आला आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका अमेरिकन कंपनीच्या एचआरमध्ये चिकटला तो चिकटलाच. कंपनी एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवते. कारखान्यात चारशे माणसं, आणि त्या चारशेंच्या रजा, व्हिसा, मेडिकल कार्डं लिओनार्डच्या टेबलावरून जातात. कुणाच्या बायकोला दिवस गेलेत, कुणाला भावाने जमिनीवरून कोर्टात खेचलंय, कुणाची साखर वाढलीय, हे सगळं त्याला रजेच्या अर्जांवरून ठाऊक. पण इतक्या वर्षांत त्याने त्यातलं अक्षर बाहेर काढलं नव्हतं. बायको इनेज एका हॉटेलच्या रिसेप्शनवर असते, माणसांना बोलतं करणं हा तिचा धंदाच. तिने खोदून विचारलं तरी हा आपला पापलेटच्या भावावर घसरायचा.

मग शिकागोहून ‘माय स्टोरी’ आली.

अमेरिकन लोकांना गप्प बसलेला माणूस बघवत नाही. तिकडे कॉलेजात जायचं तर आधी स्वतःची गोष्ट लिहून द्या, नोकरी हवी तर गोष्ट सांगा, दारू सोडायची तरी दहा अनोळखी माणसांत गोल करून बसा आणि गोष्टच सांगा. ऐकणारे डोळे पुसतात आणि सांगणारा त्यांचा होऊन जातो. यात खोटं काही नाही, खरंच होतो. तर हेड ऑफिसने ठरवलं की जगभरच्या आपल्या कारखान्यांतल्या साध्या माणसांच्या गोष्टी गोळा करायच्या, त्यांच्या चार-चार मिनिटांच्या फिल्म करायच्या आणि सगळ्यांना दाखवायच्या. इथल्या गोष्टी गोळा करायला हिंदी येणारा, इंग्रजी लिहिणारा आणि माणसांचा विश्वास असलेला कुणीतरी हवा होता. लिओनार्डचं नाव निघालं.

तीन दिवस ऑनलाइन ट्रेनिंग झालं. शिकागोच्या बाईंनी समजावलं, गोष्टीला तीन भाग हवेत. माणूस कुठून निघाला, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात काळा दिवस कोणता, आणि तिथून तो वर कसा आला. काळा दिवस नसेल तर गोष्ट नाही. लिओनार्डने घरी येऊन हे सांगितलं तर त्याची सतरा वर्षांची लेक लिनेट उसळलीच. ती त्याच सुमारास अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी निबंध लिहीत होती.

“डॅड, एक्झॅक्टली! इट नीड्स अ लो पॉइंट. अँड आय डोन्ट हॅव वन. माय लाइफ इज सो बोरिंग.”

“देवाचे आभार मान,” इनेज म्हणाली, “आणि ताट उचल.”

पहिल्या चौदा गोष्टी लिओनार्डने झकास केल्या. रात्रपाळीचा नेपाळी वॉचमन, कॅन्टीनचा केरळी आचारी, पेंट शॉपमधला बिहारी पोरगा. दर महिन्याला कॅन्टीनमध्ये पडदा लागायचा, आणि ज्यांनी दहा-दहा वर्षं एकमेकांना फक्त मान हलवून सलाम केला होता ते एकमेकांच्या टेबलावर जाऊन बसू लागले. वॉचमनचं घर भूकंपात गेलं होतं हे कळल्यावर फोल्डिंग मशीनवरचे पठाण त्याच्यासाठी रोज नान ठेवू लागले. लिओनार्ड हे सगळं बघायचा आणि त्याची छाती फुगायची. आयुष्यभर अर्जांवर शिक्के मारले, आता कुठे काहीतरी केलं असं त्याला वाटायचं. शिकागोच्या बाई त्याला मेल करायच्या, ‘यू हॅव अ गिफ्ट, लिओनार्ड.’ तो त्या मेल इनेजला वाचून दाखवायचा. एकदा नाही, दोनदा.

पंधरावी गोष्ट मुनीरभाईंची.

मुनीरभाई दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. बावन्न वर्षांचे, उंच, वाकलेले. पत्रा दुमडायच्या मशीनवर त्यांना लिओनार्डपेक्षाही जास्त वर्षं झालेली. कारखान्यात मराठी बोलणारे आता हे दोघंच उरले होते. त्यामुळे रोज दहा वाजता लोडिंग बेच्या, म्हणजे ट्रक भरायच्या धक्क्याच्या मागे, कडक चहाचा कागदी कप हातात घेऊन, हे दोघं दहा मिनिटं मराठीत बोलत उभे राहायचे. विशेष काही नाही; बांगडा, पाऊस, मुलांची लग्नं. दोघांनाही ती दहा मिनिटं लागायची.

“माझी कसली स्टोरी?” मुनीरभाई म्हणाले. “सकाळी येतो, मशीन चालवतो, जातो. खलास.”

“एखादा वाईट दिवस तरी असेल, मुनीरभाई. आयुष्यातला सगळ्यात वाईट.”

मुनीरभाईंनी चहाचा घोट घेतला. लिओनार्डच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. “ते बंद कर आधी.”

लिओनार्डने रेकॉर्डिंग बंद केलं, फोन खिशात टाकला.

अकरा वर्षांपूर्वी मुनीरभाईंचे अब्बा वारले तेव्हा ते गावी गेले नव्हते. एवढं लिओनार्डला ठाऊक होतं, कारण तातडीच्या रजेचा अर्ज त्यानेच तासाभरात पास करून आणला होता आणि दुसऱ्या तासाला मुनीरभाईंनी तो परत घेतला होता. का, ते त्याने तेव्हा विचारलं नाही. आता कळलं. अब्बा अम्माला मारायचे. रोज नाही, पण मारायचे तेव्हा दोरीने. अठ्ठावीस वर्षांच्या मुनीरने एकदा बापाचा हात धरला. बापाने त्याला घराबाहेर काढलं, आणि त्यानंतर दोघं एकमेकांशी शब्दही बोलले नाहीत. “मला त्यांना खांदा द्यायचा नव्हता,” मुनीरभाई म्हणाले. “गावी कळवलं, कंपनीने रजा दिली नाही. अम्मा अजून नमाजानंतर कंपनीला शिव्या देते. देऊ दे. तिला बरं वाटतं, मलाही बरं वाटतं. तू पहिला आहेस ज्याला सांगितलं.”

हे सांगून त्यांनी कप चुरगळून डब्यात टाकला आणि मशीनवर गेले.

आता लिओनार्डने काय करायला हवं होतं ते मी सांगायची गरज नाही. त्यालाही कळत होतं. तो दोन दिवस दुसरा कुठला काळा दिवस सापडतोय का ते शोधत राहिला. पण एकदा हाती लागलेली गोष्ट सोडवेना. मग त्याला एक तोड सुचली आणि ती त्याला फार शहाणपणाची वाटली. अब्बांची मारझोड, दोरी, भांडण, सगळं काढून टाकायचं. फक्त एवढंच ठेवायचं की वडील गेले, कंपनीने तासाभरात रजा दिली, पण त्या आठवड्यात विमानतळाची मोठी ऑर्डर होती आणि मुनीर म्हणाला, माझी माणसं इथे आहेत, मी मशीन सोडणार नाही. यात मुनीरभाईंची लाज झाकली जात होती, उलट मान वाढत होता. कंपनीचाही वाढत होता. लिओनार्डने स्वतःला हे इतक्या वेळा समजावलं की शेवटी ते त्याला पटलं.

मुनीरभाईंनी फिल्मच्या इंग्रजी फॉर्मवर सही केली. वाचला नाही. “तू लिहिलंयस ना? मग दे,” म्हणाले आणि लिओनार्डने बोट ठेवलं तिथे नाव लिहिलं.

कॅन्टीनमध्ये फिल्म लागली तेव्हा मुनीरभाई इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसले होते. पडद्यावर त्यांचं मशीन, त्यांचे हात, गावच्या खाडीसारखी दिसणारी कुठलीतरी खाडी, आणि मागे एका अमेरिकन माणसाचा भरदार आवाज. त्यांना त्यातलं ‘फादर’ आणि ‘फॅमिली’ एवढंच समजलं असावं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले तसे तेही उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. शिकागोला ही फिल्म इतकी आवडली की ती कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्या जगासाठी चढली. आणि लिओनार्डनेच सुचवलं की खाली हिंदी अक्षरं टाकू, म्हणजे घरच्यांनाही वाचता येईल. त्या घरी अकरा वर्षांपूर्वी काय कळवलं होतं, ते त्याच्या डोक्यात आलंच नाही.

मुनीरभाईंनी ती लिंक पुन्हा न बघताच स्वतःच्या हाताने गावच्या फॅमिली ग्रुपवर टाकली. खाली तीन फुलं टाकली.

चार दिवसांनी ते लिओनार्डच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. दहा वाजले होते, चहाची वेळ होती, पण ते चहाला आले नव्हते.

“पुतणीचा साखरपुडा होता,” ते म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “सगळी भावकी जमली होती. पोरांनी टीव्हीवर लावली. म्हणे चाचाची फिल्म. अम्मा समोर खुर्चीवर. पोरगा एकेक ओळ मोठ्याने वाचत होता, रजा मिळाली होती तरी गेला नाही. मशीनसाठी गेला नाही.”

“मुनीरभाई…”

“थोरला भाऊ म्हणतो, बापापेक्षा पत्रा मोठा झाला तुला? अम्मा फोनवर येत नाही. चार दिवस झाले. मी तुला बोललो होतो ते खरं तिला सांगू का? की अम्मा, तुझ्यामुळे मी बापाच्या मातीला आलो नाही? सांगू?”

लिओनार्डने समोरची फाइल मिटली.

“तू तिला फोन कर. तू एचआरवाला आहेस, तुझं ऐकेल. सांग, रजा नव्हती दिली. फिल्मवाल्यांनी खोटं लिहिलं.” मग म्हणाले, “अर्धं खोटं लिहिलंच आहेस ना तू? अजून अर्धं बोल.”

“इन्शाल्ला करतो मुनीरभाई. दोन दिवस द्या मला.”

या देशात राहिलेल्या कुणालाही विचारा, ऑफिसात ‘इन्शाल्ला’ म्हणजे काय ते. फॉर्म येणार नाही, माणूस येणार नाही, काम होणार नाही. मुनीरभाईंना तो शब्द खऱ्या अर्थाने म्हणायची सवय होती. त्यांनी लिओनार्डकडे एकदा बघितलं आणि ते गेले.

दोन दिवसांचे चार आठवडे झाले. कारण असं की शिकागोच्या बाई स्वतः दुबईला येणार होत्या आणि लिओनार्डला सगळ्या मिडल ईस्टचा ‘स्टोरी लीड’ करायचं जवळजवळ ठरलं होतं. महिन्याला दोन हजार दिरहम जास्त. “म्हणजे सेहेचाळीस हजार रुपये!” इनेज म्हणाली होती. लिनेटची फी समोर होती. अशा वेळी फिल्म खोटी आहे म्हणायचं आणि गावी फोन करून रजा नाकारली म्हणायचं, तेही एचआरच्या माणसाने? लिओनार्ड म्हणायचा, बाई येऊन जाऊ देत, मग बघू. रोज दहा वाजता तो लोडिंग बेच्या मागे जायचा. कप हातात घेऊन उभा राहायचा. कुणी यायचं नाही. चहा तसाच ओतून परत यायचा. जेवताना इनेजने काही विचारलं की चिडायचा. एकदा लिनेट तिचा निबंध घेऊन आली. शेवटी तिने आजोबांच्या मरणावर लिहिलं होतं. त्याने दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, “आजीला विचारलंस का?” लिनेट म्हणाली, “व्हाय? इट्स माय स्टोरी.” तो तिच्यावर असा ओरडला की पोर रडत आत गेली. ओरडायचं कुणावर होतं ते इनेजला कळलं नाही, त्याला कळलं.

शेवटी तो शनिवारी ऊद मेथाच्या चर्चमध्ये कन्फेशनला गेला. लहानपणापासून त्याला एवढंच शिकवलं होतं की आपलं काळं जाळीआड, हळू आवाजात, एकाच माणसाला सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने ते मरेपर्यंत पोटात ठेवायचं. गुडघे टेकल्यावर त्याच्या लक्षात आलं की लोडिंग बेच्या मागे त्या दिवशी हेच झालं होतं. फक्त ऐकणारा तो होता. तो रडला. फादर म्हणाले, “प्रार्थना मी देईन, पण तेवढ्याने भागणार नाही. ज्याचं नेलंस त्याचं त्याला नेऊन दे.”

सोमवारी शिकागोच्या बाई आल्या. लिओनार्डने दार लावलं आणि सगळं सांगितलं. मुनीरभाईंच्या घरातलं नाही, पण आपण खरी परवानगी न घेता खाजगी गोष्ट घेतली, बदलली, आणि एका माणसाचं घर तुटलं, हे सगळं. बाई चांगल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी तिथल्या तिथे फोन करून फिल्म उतरवायला लावली. मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी लिओनार्डचा हात धरला आणि म्हणाल्या, हे सांगायला केवढं धैर्य लागलं असेल. लिओनार्ड, हीच तुझी गोष्ट आहे. वार्षिक संमेलनाला शिकागोला ये आणि स्टेजवरून हे सांग.

त्याने नाही म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, “लेट मी थिंक.” आणि लिफ्टमधून खाली येईपर्यंत त्याच्या डोक्यात पहिलं वाक्य तयारही झालं होतं. ते लक्षात आल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्याने इनेजला आणि लिनेटला आत थांबायला सांगितलं आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून बॉटिम अ‍ॅपवर मुनीरभाईंच्या गावचा नंबर लावला. एका मुलाने उचलला. दुबईच्या कंपनीतून बोलतोय म्हटल्यावर पलीकडे कुजबुज झाली, आणि मग एक म्हातारा, स्वच्छ आवाज आला.

“थांब पोरा, ओट्यावर येते. आत आवाज फार.”

लिओनार्डने घाईघाईने पाठ केलेलं सांगायला सुरुवात केली. “अम्मा, मी लिओनार्ड, एचआरमधून. ती फिल्म मी लिहिली. त्यात मी खोटं लिहिलं. तुमच्या मुनीरला रजा दिलीच नव्हती. तो खूप रडला होता, पण कंपनीने…”

“दिली होती,” म्हातारी म्हणाली.

लिओनार्डने फोन कानाला घट्ट लावला.

“तेव्हाच कळलं होतं मला. शेजारच्या गावचा एक पोरगा होता तुमच्या कारखान्यात. तो ह्यांच्या चाळिसाव्याला आला आणि बोलला, रजा पास झाली होती, मुनीरभाईच आले नाहीत. मी त्याला म्हटलं, हे पुन्हा तोंडातून काढलंस तर याद राख. मुनीर का नाही आला ते मला नाही कळणार तर कुणाला? माझ्या पाठीवरची दोरी त्याने धरली होती.”

“मग अम्मा, तुम्ही कंपनीला…”

“शिव्या? त्या घरातल्यांना ऐकू जायला. थोरल्याला बाप देवासारखा. त्याला कळलं असतं तर त्याने मुनीरला घरात पाऊल ठेवू दिलं नसतं. मी कंपनीचं नाव घेत राहिले, म्हणून माझा पोरगा दर दोन वर्षांनी घरी येऊ शकला. आणि तू ते टीव्हीवर लावलंस.”

लिओनार्डने गाडीचा एसी बंद केला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

“आता मी त्याच्याशी गोड बोलले तर सगळे म्हणतील, हिला आधीपासून ठाऊक होतं. रागावल्याचं सोंग करून बसलेय. पाच आठवडे झाले माझ्या पोराचा आवाज ऐकून. फोन वाजतो आणि मी कुराण उघडून बसते.” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. मग पुन्हा घट्ट झाला. “तू खोटं बोलायला फोन केलास ना? मग नीट बोल. मी आत जाते, फोन मोठा करते. थोरला आहे, सुना आहेत. मोठ्याने बोल. आणि ऐक. मला ठाऊक होतं हे मुनीरला कधी सांगू नकोस. त्याला वाटू दे, त्याने माझ्यापासून लपवलं. मी सगळं जाणून गप्प होते हे कळलं तर तो माझ्याकडे बघू शकणार नाही.”

लिओनार्ड बोलला. चर्चच्या आवारात, ख्रिस्तशरीर घेतलेल्या तोंडाने, मोठ्याने, न चाचरता बोलला. रजेचे कागद माझ्याच हातून जातात, रजा नाकारली होती, मी नाव कमवायला खोटं लिहिलं. थोरल्या भावाने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईबापाने हेच शिकवलं का, इथपासून सुरू झालं आणि त्यांच्या कबरींपर्यंत गेलं. लिओनार्डने फोन कापला नाही. मागून म्हातारीचा आवाज येत होता. ती कंपनीचं वाटोळं मागत होती, आणि त्या कागदवाल्या किरिस्तावाचंही. इतकं मनापासून की क्षणभर लिओनार्डलाही खरं वाटलं.

त्याच संध्याकाळी त्याने शिकागोला मेल लिहिली. माझ्याकडे स्टेजवर सांगण्यासारखं काही नाही, आणि यापुढे गोष्टी लिहायचं कामही नको. इनेज दोन दिवस बोलली नाही. तिला कारण हवं होतं, आणि कारण त्याला सांगता येत नव्हतं.

मंगळवारी दहा वाजता तो लोडिंग बेच्या मागे गेला तर मुनीरभाई आधीच उभे होते. हातात दोन कप.

“अम्मा बोलली काल,” ते म्हणाले. “अर्धा तास बोलली. रडली. म्हणाली, उगाच माझ्या पोरावर संशय घेतला, माफ कर.” त्यांचा चेहरा पंधरा वर्षांनी लहान झाला होता. “मीच तिला फसवतोय आणि तीच माफी मागते. पण जाऊ दे. तिच्या मनाला शांती आहे, तेवढं पुरे. तिला काही ठाऊक नाही तेच बरं.”

लिओनार्डने त्यांच्या हातातला एक कप घेतला.

“तू माझ्यासाठी केलंस,” मुनीरभाई म्हणाले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “थोरला तुला काय काय बोलला ते पुतण्याने सांगितलं. अम्माही बोलली म्हणे. म्हातारी आहे, तिला कळत नाही. तिच्या वतीने मी तुझी माफी मागतो.”

लिओनार्डच्या ओठांवर सगळं आलं होतं. तो म्हणाला, “काही नाही, मुनीरभाई. चहा प्या.”